खिशातल्या संगणकावर कामाचे वेळापत्रक : एका स्लॅबच्या उदाहरणासह सविस्तर पद्धत

नाशिकमध्ये लहान बांधकामे घेणारे ठेकेदार आणि साइट इंजिनिअर आता फोन किंवा टॅबलेट घेऊनच साइटवर उतरतात, आणि त्यांपैकी अनेकांनी वेळापत्रकाचे एखादे अ‍ॅप कधी ना कधी उतरवून घेतलेले असते. दोन आठवड्यांत ते अ‍ॅप उघडणे बंद होते. त्याचा दोष बहुधा अ‍ॅपचा नसतो. सहा इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने साठ कामे, त्यांचे दिवस आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध भरण्याचा खटाटोप मुळातच चुकीच्या जागी केलेला असतो. माझ्या अनुभवात टिकलेली पद्धत एकच आहे: वेळापत्रक टेबलावर बसून रचावे, हातातल्या संगणकावर ते वाचावे आणि साइटवर असताना त्यात फक्त घडलेल्या गोष्टींची नोंद करावी.

ही पद्धत नवी नाही. १९९६ साली पाम पायलट हा तळहातावर मावणारा संगणक आला तेव्हा त्याचा पडदा अवघा १६० बाय १६० ठिपक्यांचा होता. मोठ्या संगणकाला जोडलेल्या खोबणीत तो बसवून बटण दाबले की दोन्हीकडच्या नोंदी जुळत. मोठे काम टेबलावर आणि लहान नोंद हातावर ही वाटणी त्या यंत्राने सक्तीने करून घेतली. आजचे फोन कितीतरी पटींनी सशक्त आहेत, पण अंगठा तेवढाच राहिला आहे.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे: पाथर्डी फाट्याकडील एका रो-हाउसचा पहिला स्लॅब, काम सुरू होण्याची तारीख सोमवार, ५ जानेवारी २०२६.

पहिली पायरी : कागदावर यादी

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कामांची यादी कागदावर उतरवावी, आणि ती मुकादम, फिटर (सळईचे काम करणारा) आणि सेंटरिंगवाला (स्लॅबखालचा साचा व टेकू उभारणारा) यांना वाचून दाखवावी. कामाचा आकार किती असावा याचा माझा ठोकताळा असा आहे की एक काम एकाच टोळीचे असावे, ते संपले की नाही हे डोळ्यांनी दिसावे आणि त्याला शक्यतो एका आठवड्याहून जास्त वेळ लागू नये. ‘पहिला स्लॅब’ हे काम नव्हे, तो कामांचा गट झाला. आपल्या उदाहरणात त्या गटात सेंटरिंग (६ दिवस), सळई तोडून व वाकवून ठेवणे (४ दिवस), सळई बांधणे (४ दिवस), वायरिंगचे पाइप टाकणे (१ दिवस) आणि स्लॅब भरणे (१ दिवस) अशी पाच कामे येतात, आणि त्यानंतर टेकू काढून सेंटरिंग खोलणे (२ दिवस) येते. वायरिंगचे पाइप खरे तर खालची जाळी झाल्यावर आणि वरची बांधण्यापूर्वी टाकले जातात. हिशेब सोपा राहावा म्हणून येथे ते काम स्वतंत्र धरले आहे.

दिवस किती लागतील याबद्दल खात्री नसेल तर तीन आकडे विचारावेत: सगळे सुरळीत झाले तर किती, नेहमीचे किती आणि फारच बिनसले तर किती. पहिला आकडा, नेहमीच्या आकड्याची चौपट आणि तिसरा आकडा यांची बेरीज करून तिला सहाने भागावे. सेंटरिंगवाल्याने ५, ६ आणि १० असे सांगितले तर उत्तर साडेसहा दिवस येते. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास तयार झालेल्या ‘पर्ट’ पद्धतीतले हे सूत्र आहे. आपण मात्र उदाहरणात ६ दिवसच धरू.

दुसरी पायरी : कोणाच्या आधी कोण

प्रत्येक कामापुढे ‘याच्या आधी काय संपले पाहिजे’ एवढेच लिहावे. सळई बांधण्याआधी सेंटरिंग संपले पाहिजे आणि सळई वाकवूनही झालेली असली पाहिजे. सेंटरिंग आणि सळई वाकवणे ही दोन कामे मात्र एकाच दिवशी, शेजारी शेजारी सुरू होऊ शकतात.

यातून दोन वाटा तयार होतात. सेंटरिंगच्या वाटेने स्लॅब भरेपर्यंत ६ अधिक ४ अधिक १ अधिक १, म्हणजे १२ कामाचे दिवस लागतात. सळई वाकवण्याच्या वाटेने ४ अधिक ४ अधिक १ अधिक १, म्हणजे १० दिवस लागतात. लांब वाट ती निर्णायक वाट, ज्याला सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. सळई वाकवण्याच्या कामाला २ दिवसांची सवड आहे, म्हणजे फिटर दोन दिवस उशिरा आला तरी स्लॅबची तारीख हलत नाही. सेंटरिंगवाल्याने एक दिवस खाडा केला की ती लगेच हलते. सोमवारी सकाळी फोन नेमका कोणाला करायचा, हे या एका आकडेमोडीतून कळते.

येथे एक चूक सर्रास होते. प्रत्येक कामाला हाताने तारीख टाकली जाते आणि संबंध जोडलेच जात नाहीत. अशा वेळापत्रकात एक काम लांबले की पुढची कामे जागच्या जागी उभी राहतात, आणि ते सॉफ्टवेअर केवळ रंगीत कॅलेंडर होऊन बसते. हाताने तारीख फक्त पहिल्या कामाला टाकावी. बाकीच्या सर्व तारखा संबंधांतून निघाव्यात.

तिसरी पायरी : नाशिकचे कॅलेंडर भरणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण मार्गदर्शक व्हिडिओंमध्ये ती सहसा नसतेच. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार असे असते, आणि तसाच आठवडा गृहीत धरणारी साधने पुष्कळ आहेत. आमच्या साइटवर रविवारी काम चालते आणि बुधवारी सुट्टी असते, कारण गंगेवरचा (गोदावरीकाठचा) आठवडे बाजार बुधवारी भरतो आणि मजुरांना आठवड्याचा बाजार तेव्हाच करायचा असतो. अमावास्येला आमचे सेंटरिंगवाले आणि गवंडी कामाला हात लावत नाहीत. या प्रथेबद्दल कोणाचे मत काहीही असो, वेळापत्रकात मत चालत नाही, हजेरी चालते. रंगाच्या सुट्टीचेही तसेच आहे: फोनमधले सुट्ट्यांचे आयते कॅलेंडर धुळवडीचा दिवस दाखवते, पण नाशिकमध्ये खरा रंग रंगपंचमीला, रहाडींच्या (रंगाच्या जुन्या हौदांच्या) दिवशी असतो, आणि त्या दिवशी जुन्या नाशकातून कामावर कोणी येईल अशी अपेक्षा करू नये.

म्हणून सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये आधी आठवडी सुट्टी बुधवारी करावी, मग वर्षभराच्या अमावास्या, सण आणि राष्ट्रीय सुट्ट्या एकेक करून टाकाव्यात. पंचांग शेजारी ठेवून बसले तर हे अर्ध्या तासाचे काम आहे.

आता उदाहरण मोजून पाहू. ५ जानेवारीला सुरू झालेले सेंटरिंग ५, ६, ८, ९, १० आणि ११ या तारखांना होऊन रविवारी संपते. ७ तारखेचा बुधवार गळतो. सळई बांधणे १२, १३, १५ आणि १६ तारखेला होते. १४ तारखेला संक्रांत आहे, पण तो बुधवारच असल्यामुळे वेगळा दिवस जात नाही. १७ तारखेला वायरिंगचे पाइप. १८ तारखेला अमावास्या. स्लॅब १९ जानेवारीला, सोमवारी भरला जातो. मूळ कॅलेंडर तसेच ठेवले असते तर सॉफ्टवेअरने २० जानेवारी ही तारीख दिली असती. फरक एकाच दिवसाचा दिसतो, पण रेडीमिक्सची गाडी, पंप आणि व्हायब्रेटर ज्या तारखेला सांगितले आहेत ती तारीख एका दिवसाने चुकणे म्हणजे काय, हे साइटवर उभ्या असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

चौथी पायरी : काँक्रीटला सुट्टी नसते

दोन कामांमधल्या निव्वळ वाट पाहण्याला सॉफ्टवेअरमध्ये ‘लॅग’ म्हणतात. लॅग कामाच्या दिवसांत मोजायचा की कॅलेंडरच्या दिवसांत, हे ठरवले नाही तर बहुतेक साधने तो निमूटपणे कामाच्या दिवसांत धरतात, आणि काँक्रीट मात्र बुधवारीही घट्ट होत असते.

काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे किमान १४ दिवस ठेवावे लागतात. बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंतच्या गाळ्यासाठी १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. आपल्या रो-हाउसचे बीम ६ मीटरच्या आतले आहेत असे समजून १४ दिवस धरू. १९ जानेवारीच्या संध्याकाळपासून १४ दिवस २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पूर्ण होतात आणि टेकू काढणे मंगळवारी, ३ फेब्रुवारीला सुरू करता येते. हाच लॅग कामाच्या दिवसांत मोजला गेला, तर बुधवार आणि २६ जानेवारी वगळून सॉफ्टवेअर ७ फेब्रुवारी दाखवते. सेंटरिंगचे साहित्य भाड्याने आणलेले असेल तर ते चार दिवस आपल्या खिशातून जातात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये लॅगच्या आकड्यापुढे ‘ईडी’ ही दोन अक्षरे इंग्रजीत टाइप केली की तो सलग दिवसांत मोजला जातो. तक्त्यात (एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये) काम करत असाल तर तारखेत सरळ १४ मिळवावेत.

येथे एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगणार नाही. मानकातले हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली जात नसतानाचे आहेत. जानेवारीत नाशिकची रात्र त्याहून कितीतरी थंड असते. निफाडला तर पारा एक अंकी आकड्यावर येतो. शिवाय लहान कामांवर सर्रास वापरले जाणारे सिमेंट पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेले मिश्र सिमेंट असते. म्हणून लॅगचा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावा आणि तो कोणी, कधी सांगितला हे त्या कामाच्या टिपणात लिहून ठेवावे.

पाणी मारण्याचेही असेच आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस काँक्रीट ओले ठेवायचे असते. हे काम वेळापत्रकात पट्टी म्हणून टाकून भागत नाही. हातातल्या संगणकाचा खरा उपयोग येथे होतो. सकाळ-संध्याकाळची आवर्ती आठवण लावावी, आणि ती बुधवारीही वाजेल याची खात्री करावी.

दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक शिकवावा लागत नाही. ‘आज छाटणीला चाळिसावा दिवस’ असे तो म्हणतो तेव्हा त्यात रविवारही असतो आणि दिवाळीही. बागेचे वेळापत्रक फोनवर बसवायचे असेल तर छाटणीचा दिवस हे पहिले काम धरून पुढची सर्व कामे सलग दिवसांच्या लॅगने त्याला जोडावीत आणि मजुरांच्या टोळीचे दिवस तेवढे कामाच्या दिवसांत मोजावेत.

पाचवी पायरी : साधन निवडणे

येथपर्यंतचे काम झाल्याशिवाय साधन निवडू नये, कारण काय हवे आहे हे आताच कळते. टेबलावरच्या संगणकासाठी गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे ही दोन मुक्त साधने विनाशुल्क मिळतात. दोन्हींत कामांचे संबंध जोडता येतात आणि निर्णायक वाट दिसते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट कार्यालयात आधीच असेल तर उत्तमच, पण केवळ एका रो-हाउससाठी ते विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. ट्रेलोसारखी कार्डांची अ‍ॅप फोनवर वापरायला सुटसुटीत असली तरी त्यांचा मूळ घाट ‘करायचे, चालू, झाले’ असा आहे. एक काम हलले की पुढची दहा हलली पाहिजेत, ही अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

लहान कामासाठी मी स्वतः गूगल शीट्सवर येऊन थांबलो आहे. त्यात ‘वर्कडे डॉट इंटल’ या नावाचे सूत्र आहे, आणि ते एक्सेलमध्येही आहे. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: सुरुवातीच्या तारखेच्या आदला दिवस, कामाचे दिवस, आठवडी सुट्टीचा साचा आणि सुट्ट्यांच्या यादीचा स्तंभ. साचा सात अंकांचा असतो, सोमवारपासून सुरू होतो, आणि त्यात सुट्टीच्या जागी १ येतो. बुधवारच्या सुट्टीसाठी तो अवतरणचिन्हांत ‘००१००००’ असा लिहावा, मात्र अंक इंग्रजी टाकावेत. आदला दिवस द्यायचा तो अशासाठी की सूत्र दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजू लागते. ४ जानेवारी आणि ६ दिवस दिले की ते बरोबर ११ जानेवारी हे उत्तर देते. पुढच्या कामाची सुरुवात काढण्यासाठी आधीच्या कामाची शेवटची तारीख आणि १ दिवस द्यावा.

फोनवरचे कोणतेही साधन घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. फोन विमान मोडवर टाकावा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, एका कामाची स्थिती बदलावी, मराठीत टीप लिहावी, मग विमान मोड काढून टेबलावरच्या संगणकावर ते सर्व पोहोचले का हे पाहावे. गूगल शीट्समध्ये फाइल आधी ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावी लागते. तळघराच्या पार्किंगमध्ये रेंज नसते, आणि नेमके तेथेच काहीतरी लिहून ठेवायचे असते.

सहावी पायरी : लहान पडद्यासाठी वेळापत्रक कापणे

गँटची पट्ट्यांची आकृती, म्हणजे प्रत्येक काम तारखांखाली एक आडवी पट्टी म्हणून दाखवणारा आलेख, फोनवर वाचता येत नाही, आणि ती वाचण्याचा हट्टही धरू नये. हातातल्या संगणकावर यादीच हवी, आणि तीही पुढच्या तीन आठवड्यांचीच. स्तंभ चार पुरेत: काम, टोळी, सुरुवात आणि उरलेले दिवस.

कामाच्या नावातला वेगळेपणा सुरुवातीला आणावा. ‘पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे सेंटरिंग’ आणि ‘पहिल्या मजल्याच्या स्लॅबची सळई’ ही दोन्ही नावे फोनवर ‘पहिल्या मजल्याच्या स्लॅ…’ एवढीच दिसतात. ‘सेंटरिंग, स्लॅब १’ आणि ‘सळई, स्लॅब १’ असे लिहिले की अर्धे नाव कापले गेले तरी काम ओळखू येते. निर्णायक वाटेवरच्या कामांच्या नावाआधी एखादी ठळक खूण करावी. भर उन्हात पडद्यावरचा लाल आणि नारिंगी रंग सारखाच दिसतो, खूण मात्र दिसते.

सातवी पायरी : रोजची नोंद

संध्याकाळी साडेपाचला, टोळ्या हातपाय धुवत असतानाच नोंद करावी. घरी गेल्यावर करू म्हटले की ती राहते. विचारायचा प्रश्न एकच असावा, आणि तो ‘किती झाले?’ हा नसावा. एका साइटवर आमचे मुकादम सलग चार दिवस ‘झालंच आहे साहेब, नव्वद टक्के’ असे सांगत होते, आणि त्यात खोटे काही नव्हते, कारण उरलेले दहा टक्के जिन्याच्या सेंटरिंगचे होते. पाचव्या दिवशी मी प्रश्न बदलला. ‘मामा, अजून किती दिवस?’ ते जिन्याकडे बघून म्हणाले, ‘तीन तरी लागतील.’ तेव्हापासून मी टक्केवारीचा स्तंभच काढून टाकला आहे. उरलेले दिवस, आजची हजेरी आणि एक फोटो एवढे पुरते. फोटोत तारीख उमटेल अशी सोय करून ठेवावी.

एका कामाची नोंद एकाच माणसाने करायची हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. एकदा आम्ही दोघांनी रेंज नसलेल्या जागी आपापल्या फोनवर एकाच कामाची नोंद केली: मी ‘दोन दिवस उरले’ असे लिहिले, माझ्या सहकाऱ्याने त्यापूर्वी ‘संपले’ असे लिहिले होते. संध्याकाळी दोन्ही फोन जुळले, त्याची नोंद नंतर पोहोचली म्हणून तीच टिकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सळई उतरवायला गाडी हजर झाली तेव्हा निम्मे सेंटरिंग बाकी होते. शेवटी पोहोचलेली नोंद आधीची पुसून टाकते असे अनेक साधनांत घडते, आणि ते पडद्यावर कुठेही सांगितले जात नाही.

आठवी पायरी : आठवड्याची बैठक

बुधवार सुट्टीचा असल्यामुळे तोच दिवस टेबलावर बसण्याचा. आठवड्यातल्या नोंदी मूळ वेळापत्रकात उतरवाव्यात, तारखा पुन्हा निघू द्याव्यात आणि निर्णायक वाट बदलली का ते पाहावे. ती बदलते. आपल्या उदाहरणात फिटर तीन दिवस उशिरा आला तर दोन दिवसांची सवड संपून स्लॅब एका दिवसाने पुढे जातो आणि सेंटरिंगऐवजी सळई निर्णायक होते. फोनवरच्या खुणाही त्याप्रमाणे बदलाव्या लागतात.

काम सुरू होण्यापूर्वी ठरवलेल्या तारखा मात्र ‘बेसलाइन’ म्हणून जपून ठेवाव्यात आणि त्यांना हात लावू नये. तक्ता वापरत असाल तर त्या दोन स्तंभांत केवळ मूल्ये म्हणून चिकटवून कुलूपबंद कराव्यात. दर बुधवारी संपूर्ण फाइलची प्रत तारखेच्या नावाने दुसरीकडे ठेवावी. फोन पाण्याच्या टाकीत पडतो, आणि तो पाणी मारण्याच्या दिवसांतच पडतो.

नववी पायरी : काम संपल्यावर

सेंटरिंग खोलून झाले की फाइल बंद करण्यापूर्वी एक तक्ता काढावा: प्रत्येक कामाचा अंदाज, प्रत्यक्ष लागलेले दिवस, टोळीतली माणसे आणि ऋतू. सेंटरिंगला ६ दिवस धरले होते आणि ८ लागले असतील तर कारण त्याच ओळीत लिहावे; प्लेट कमी पडल्या, पाऊस आला, टोळी दुसऱ्या साइटवर गेली, जे असेल ते. इंदिरानगर असो की सिडको, पुढच्या घराची यादी करायला बसाल तेव्हा सेंटरिंगवाल्याला तीन आकडे विचारण्याआधी हा तक्ता उघडून शेजारी ठेवावा.